रिमवर्ल्डमध्ये वसाहत कुठे वसवायची? नव्याने खेळणाऱ्यांसाठी जागानिवड, पायरी-पायरीने

रिमवर्ल्ड हा अनोळखी ग्रहावर वसाहत उभारून जगवण्याचा संगणकावरचा खेळ. तो पहिल्यांदा सुरू केला की गेम आधी कथाकार, म्हणजे संकटं कधी आणि कशी येतील हे ठरवणारा, निवडायला लावतो. कॅसँड्रा, फीबी की रँडी? मग अडचणीची पातळी विचारतो. नवा माणूस इथेच सगळा वेळ घालवतो आणि पुढे ग्रहाचा गोल समोर आला की ‘सिलेक्ट रँडम साइट’चं बटण दाबून मोकळा होतो. खरं तर हे उलटं व्हायला हवं. कथाकार आणि अडचण खेळ चालू असतानाही सेटिंगमध्ये जाऊन बदलता येतात. जागा तशी बदलता येत नाही. बदलायची तर बिऱ्हाड काफिल्यावर लादून उठावं लागतं, आणि पहिल्या वर्षात ते कुणाला परवडत नाही.

‘सगळ्यात चांगली जागा कोणती’ हा प्रश्नच मला पटत नाही. प्रत्येक प्रदेशात कशाची ना कशाची टंचाई आहे. कुठे लाकूड नाही, कुठे उन्हाळा नाही, कुठे रोगराई पाचवीला पुजलेली. रोज उठून कोणती टंचाई सोडवायला तुम्हाला आवडेल, हे ठरवलं की जागा आपोआप सापडते. खालच्या पायऱ्या त्यासाठीच आहेत. प्रदेशांची नावं स्क्रीनवर दिसतात तशीच ठेवली आहेत, म्हणजे शोधताना गोंधळ होणार नाही.

सुरू करण्याआधी हाताशी काय हवं

- मूळ गेम. २०१८ साली आलेली १.० आवृत्ती किंवा त्यानंतरची कुठलीही चालेल. रॉयल्टी, आयडिऑलॉजी, बायोटेक वगैरे जोड-पॅक नसले तरी काही बिघडत नाही. उलट पहिल्या वसाहतीला ते बंदच ठेवा.
- सेटिंगमध्ये तापमान सेल्सिअसवर आहे ना, ते बघा. फॅरनहाइट राहून गेलं तर ‘हिवाळा ३०’ वाचून तुम्ही खुशाल बर्फात उतराल.
- कागद-पेन. सीड (ज्यावरून ग्रह बनतो तो शब्द), टाइलवरचे (टाइल म्हणजे ग्रहाच्या गोलावरचा एक तुकडा, तुमची जागा) आकडे आणि पिकांचा हिशोब यासाठी.
- ‘क्रॅशलँडेड’ सुरुवात. तीन माणसं, ५० पॅकबंद जेवणं, थोडं पोलाद, थोडं लाकूड. खालचा सगळा हिशोब याच सुरुवातीचा आहे.

१. ग्रह तयार करताना जास्त हात घालू नका

सीड म्हणजे एखादा शब्द किंवा अक्षरांची रांग. तोच सीड आणि त्याच सेटिंग दिल्या की तोच ग्रह पुन्हा मिळतो. म्हणून सीड लिहून ठेवा. जागा आवडली नाही तर त्याच ग्रहावर दुसरी टाइल घेता येते, आणि मित्राला ‘हीच जागा खेळून बघ’ असंही सांगता येतं.

ग्रहाचा किती भाग बनवायचा हे विचारतात तिथे ३० टक्के ठेवा. पूर्ण ग्रह बनवायला वेळ लागतो, साध्या लॅपटॉपला धाप लागते, आणि पहिल्या खेळात तुम्ही त्या गोलाच्या एका कोपऱ्यापलीकडे जात नाही. पाऊस आणि तापमानाचे सरकते पट्टे मध्यावरच राहू द्या. तापमान एक घर वर सरकवलं की सगळे प्रदेश ध्रुवांकडे सरकतात, आणि मग ‘या अक्षांशाला साधारण असं हवामान असतं’ हा तुमचा अंदाज पुढच्या खेळात चुकत राहतो.

२. टाइलवर टिचकी मारा आणि ‘टेरेन’ टॅब नीट वाचा

रंग बघून जागा निवडू नका. हिरवं दिसलं म्हणजे सुपीक, हा पहिला सापळा. दलदलही हिरवीच दिसते. टाइल निवडली की टेरेन टॅबमध्ये एक लांब यादी येते. त्यातल्या काही ओळींवर सगळं अवलंबून आहे.

लागवडीचा काळ ही सर्वात महत्त्वाची ओळ. गेममधलं वर्ष ६० दिवसांचं असतं. त्याचे १५-१५ दिवसांचे चार भाग आहेत: एप्रिमे, जुगस्ट, सेप्टोबर आणि डिसेंबरी. लागवडीच्या काळासमोर ‘३०/६०’ असं लिहिलं असेल तर वर्षातले ३० दिवसच बाहेरच्या जमिनीत पीक वाढेल. ‘इयर-राउंड’ असेल तर बारमाही.

मराठी खेळाडूचा पाय इथे हमखास घसरतो. आपल्याकडे पाऊस ओसरला की रब्बीची ज्वारी, हरभरा, गहू शेतात असतो, त्यामुळे हिवाळा हा पिकाचाच काळ असं डोक्यात पक्कं बसलेलं आहे. गेममधला हिवाळा तसा नाही. शून्याच्या खाली पीक वाढणं थांबतं. तापमान फारच उतरलं की उभं पीक मरतं, आणि शेत पुन्हा पहिल्यापासून पेरावं लागतं. पिकांना खरं मानवतं ते ६ ते ४२ अंश. शून्य ते ६ अंशांच्या मध्ये वाढ मंदावते.

तापमानाची ओळ वाचताना वर्षाची सरासरी सोडून द्या. हिवाळा आणि उन्हाळा यांचे दोन वेगळे आकडे दिलेले असतात, ते बघा. सरासरी १२ अंश म्हणजे सुखद वाटतं, पण ती हिवाळ्यातल्या उणे १० आणि उन्हाळ्यातल्या ३४ ची असू शकते. हे आकडेही सरासरीचेच, रात्री पारा त्याच्याही खाली जातो. वर ‘कोल्ड स्नॅप’ नावाचं संकट येतं, ते तापमान आणखी २० अंशांपर्यंत खाली ओढतं. ‘हीट वेव्ह’ १७ अंशांपर्यंत वर नेते. म्हणून माझी पद्धत अशी: हिवाळ्याच्या आकड्यातून २० वजा करायचे, उन्हाळ्याच्या आकड्यात १७ मिळवायचे, आणि त्या दोन टोकांना आपली माणसं काय घालून, कुठे बसून जगतील हे स्वतःला विचारायचं. उघड्या अंगाला १६ ते २६ अंश सोसतात, बाकीचं काम कपड्यांनी आणि भिंतींनी करायचं असतं.

रोगांची वारंवारता हीसुद्धा एक ओळ आहे. नवखे ती वाचतच नाहीत. उष्ण जंगलात आणि दलदलीत हा आकडा चढलेला असतो.

आणखी एक: तुम्ही विषुववृत्ताच्या कोणत्या बाजूला आहात ते बघा. दक्षिण गोलार्धात ऋतू उलटे असतात. तिथे डिसेंबरीत उन्हाळा आणि जुगस्टमध्ये हिवाळा. सुरुवातीचा ऋतू ‘ऑटो’वर ठेवला की गेम साधारण बऱ्या हवामानात उतरवतो, तो ऑटोवरच राहू द्या.

३. निवडायच्या आधी पोटाचा हिशोब करा

हा हिशोब एकदा हाताने केला की पुढे कुठलाही प्रदेश बघून अंदाज येतो.

एका माणसाला दिवसाला साधारण दोन साधी जेवणं लागतात. एका साध्या जेवणाला कच्चा माल लागतो १०. म्हणजे तीन माणसांना दिवसाला ६० आणि वर्षाला ३,६००. आता पिकं बघू. साध्या जमिनीत, वेळ सगळा धरून:

- भात सुमारे साडेपाच दिवसांत तयार, एका रोपाला ६.
- बटाटा सुमारे पावणेअकरा दिवस, एका रोपाला ११. जमीन हलकी असली तरी याचं फारसं नुकसान होत नाही.
- मका सुमारे २१ दिवस, एका रोपाला २२.

बियांच्या पाकिटावर असावेत तसे गेम जे ‘वाढीचे दिवस’ दाखवतो, ते यापेक्षा कमी दिसतात. भाताला ३ आणि मक्याला ११.३ लिहिलेलं असतं. कारण रोपं रात्री झोपतात: संध्याकाळी सातच्या सुमारास वाढ थांबते आणि सकाळी सहाला पुन्हा सुरू होते. स्क्रीनवरचे दिवस जवळजवळ दुप्पट धरले की खरा आकडा मिळतो. कापूस ८ दिवस दाखवतो, लागतात पंधराच्या आसपास. डेव्हिलस्ट्रँड हे मजबूत कापडासाठीचं पीक २२.५ दाखवतं, लागतात चाळीसच्या वर. म्हणजे ३० दिवसांच्या प्रदेशात डेव्हिलस्ट्रँड उघड्यावर लावणं हा शुद्ध वेडेपणा.

आता ३०/६० ची टाइल घ्या. भाताचे पाच हंगाम कसेबसे निघतात. ३,६०० भागिले ३० म्हणजे १२० चौकोन, आणि नासधूस धरून १५० लावा. मक्याचा एकच हंगाम निघतो. त्याला १६५ चौकोन लागतील, पण पेरणी-कापणीची मेहनत भाताच्या मानाने फारच कमी. मात्र मका पहिल्या आठवड्यातच पेरायला हवा. दहा-बारा दिवस घरबांधणीत गेले आणि मग मका लावला, तर कापणीच्या तोंडावर थंडी येऊन सगळं पाण्यात.

बारमाही टाइलवर हे काहीच डोक्यात ठेवावं लागत नाही. म्हणूनच पहिल्याच खेळाला बारमाही जागा घ्यायला मी सांगत नाही. तिथे साठवण शिकायची गरजच पडत नाही, आणि मग विषारी धूळ किंवा ज्वालामुखीचा हिवाळा आला की कोठारात दोन दिवसांचंही अन्न नसतं.

आणि ती ५० पॅकबंद जेवणं? तीन माणसांना आठ-नऊ दिवस पुरतात. भाताला साडेपाच लागतात. थोडक्यात, उतरल्याच्या पहिल्याच दिवशी भात जमिनीत गेला पाहिजे. बेडरूमची लादी नंतर.

४. आपली टंचाई निवडा

टेम्परेट फॉरेस्ट. सगळे नवख्यांना हेच सुचवतात, आणि सल्ला चुकीचा नाही. माती, झाडं, शिकार, रोग, सगळं मध्यम. लागवडीचा काळ मात्र टाइलनुसार खूप बदलतो. ‘टेम्परेट आहे ना, मग झालं’ म्हणून उतरू नका. पहिल्या खेळासाठी ४०/६० च्या आसपासची टाइल शोधा: चुका पचवण्याइतकी सवड मिळते आणि हिवाळाही चाखायला मिळतो.

बोरिअल फॉरेस्ट. ही माझी आवडती जागा, म्हणून थोडं लांबण लावतो. इथली टंचाई एकच: वेळ. लागवडीचे दिवस थोडे असतात. त्याच्या बदल्यात लाकूड मुबलक. पाइन आणि बर्चची झाडं दाट असतात, त्यामुळे शेकोटी, भिंती, लाकडावर चालणारा १,००० वॉटचा जनरेटर, कशालाच अडत नाही. उष्ण प्रदेशांच्या मानाने रोग कमी. रानात औषधी हीलरूट सापडते, बेरी मिळतात. मफलोचे कळप फिरतात: मांस, उबदार लोकर आणि ओझं वाहणारं जनावर, तिन्ही एकात.

शिवाय थंडी हे तुमचं फुकटचं फ्रीझर आहे. शून्याच्या खाली अन्न सडत नाही. कोठाराच्या भिंतीला बाहेरच्या बाजूने व्हेंट (हवा ये-जा करणारी झडप) बसवली की हिवाळाभर कूलरचे २०० वॉट वाचतात. उन्हाळ्यापुरती ती व्हेंट बंद करून कूलर लावायचा. छप्पर मात्र हवंच. उघड्यावर ठेवलेला माल थंडीत सडत नसला तरी झिजून खराब होतो.

बोरिअलचा सापळा हिवाळ्याच्या मधोमध असतो. गवत बर्फाखाली जातं आणि रानटी जनावरं पातळ होतात. ‘शिकारीवर निभावून नेऊ’ म्हणणाऱ्याचं तिथे संपतं. पाळलेल्या जनावरांनाही चरायला काही उरत नाही, त्यांच्यासाठी हे-ग्रासची पेंढी उन्हाळ्यातच साठवावी लागते. अक्षांश जसा वाढतो तसा हिवाळ्यातला दिवस लहान होतो, त्यामुळे सोलर पॅनेलचा भरवसा नको.

अ‍ॅरिड श्रबलँड. नकाशावर पिवळट, रुक्ष दिसतं म्हणून लोक टाळतात. माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित जागा हीच. पुष्कळ टाइल बारमाही असतात आणि रान मोकळं असल्यामुळे हल्लेखोर लांबून दिसतात. रायफलवाल्यांसाठी तर स्वर्ग. टंचाई लाकडाची. भिंती पहिल्यापासून दगडाच्या बांधायच्या आणि झाड दिसलं की तोडायचं नाही, स्वयंपाकासाठी राखायचं. चांगली माती तुकड्या-तुकड्यांत असते, शेत त्या तुकड्यांच्या आकाराचं होतं.

ट्रॉपिकल रेनफॉरेस्ट. बारमाही लागवड, सागवान, बांबू, शिकारीची चंगळ. आणि मलेरिया, स्लीपिंग सिकनेस, पोटातले जंत, स्नायूंतले परजीवी. इथे रोग म्हणजे शर्यत असते: एकीकडे आजार वाढतो, दुसरीकडे प्रतिकारशक्ती. आजारी माणूस अंथरुणात राहिला आणि बऱ्या डॉक्टरने वेळच्या वेळी औषध दिलं तरच प्रतिकारशक्ती पुढे जाते. तीन माणसांत वैद्यकीचं कौशल्य असलेला एकही नसेल तर इथे उतरू नका. दोघे एकदम आजारी आणि तिसरा, जो डॉक्टर, तोही आजारी, हे दृश्य इथे नवं नाही. पुढे संशोधन करून पेनॉक्सिसायक्लिन बनवता येतं. दर पाच दिवसांनी घेतलं की मलेरिया, स्लीपिंग सिकनेस आणि प्लेग टळतो, आधीच झालेला मात्र बरा होत नाही. गर्द झाडीत माणसं सावकाश चालतात, आणि हल्लेखोरांनाही प्रत्येक खोडाआड लपायला जागा मिळते.

दलदलीचे तिन्ही प्रकार म्हणजे टेम्परेट स्वॅम्प, ट्रॉपिकल स्वॅम्प आणि कोल्ड बॉग. पहिल्या खेळाला नकोच. पाणथळ मातीत पीक येतं, पण ती भिंतीचं वजन पेलत नाही. कोरड्या जमिनीच्या बेटांवर घर कोंबायचं आणि मधल्या चिखलातून घसटत चालायचं. वर रोगही जास्त.

डेझर्ट आणि एक्स्ट्रीम डेझर्ट. वाळूची सुपीकता जेमतेम १० टक्के. लाकूड नाही, सावली नाही. विजेविना चालणारा पॅसिव्ह कूलर करायला लाकूडच लागतं, आणि तो १७ अंशांच्या खाली नेत नाही, म्हणजे अन्न टिकवायला वीज आलीच. डेझर्टमध्ये चांगल्या मातीचा एखादा पट्टा मिळाला तर जमतं. एक्स्ट्रीममध्ये नवख्याने हात घालू नये.

टुंड्रा, आइस शीट, सी आइस. टुंड्रा ही बोरिअल पचल्यावरची पुढची इयत्ता. आइस शीटवर मातीच नाही, सगळी मदार हायड्रोपोनिक्सवर, म्हणजे ट्रेमधल्या मातीविना शेतीवर. त्या ट्रेंमध्ये सुपीकता २८० टक्के असते खरी, पण वरचा सन लॅम्प २,९०० वॉट खातो, आणि सोलर फ्लेअरने वीज गेली की रोपं सुकायला लागतात. सी आइसवर खोदायला दगडही नाही. व्हिडिओत बघायला मजा येते.

ओडिसी हा २०२५ चा जोड-पॅक असेल तर ग्लोफॉरेस्ट, लाव्हा फील्ड असे आणखी प्रदेश यादीत दिसतील. ते दुसऱ्या-तिसऱ्या वसाहतीसाठी ठेवा.

५. डोंगर, दगड, पाणी

प्रदेश ठरला की त्याच पट्ट्यातल्या टाइल एकमेकींशी ताडून बघा. जमिनीचे प्रकार सपाट, छोट्या टेकड्या, मोठ्या टेकड्या आणि डोंगराळ असे असतात. पहिल्यांदा छोट्या किंवा मोठ्या टेकड्या घ्या. सपाट जमिनीवर शेती मजेत होते, पण पोलाद आणि यंत्रांचे सुटे भाग खोदायला डोंगरच नसतो.

डोंगराळ टाइलचा मोह सगळ्यांना होतो: खडकात कोरलेला किल्ला, एकच दरवाजा. तोफांचे गोळे डोंगराच्या जाड छताला भेदत नाहीत, हे खरंच. पण त्याच जाड छताखाली कीटकांची पोळी फुटतात, थेट तुमच्या बेडरूममध्ये. नवख्याकडे ते आवरायला ना शस्त्रं असतात ना माणसं. डोंगराच्या कडेला पाठ लावून बाहेर बांधा आणि आत फक्त कोठार न्या.

दगडाचे दोन-तीन प्रकार टाइलवर लिहिलेले असतात. ग्रॅनाइट सर्वात टणक, बाहेरच्या भिंतींना तोच. संगमरवर दिसायला देखणा, पण भिंत म्हणून सर्वात कमकुवत. यासाठी टाइल नाकारू नका, दोन टाइल बाकी सारख्या असतील तर ग्रॅनाइटची घ्या.

नदी असली तर पाणचक्की १,१०० वॉट देते, दिवस-रात्र, हिवाळा-उन्हाळा. बोरिअलमध्ये हे सोन्याहून पिवळं. समुद्रकिनाऱ्याचा फायदा असा की त्या बाजूने पायी हल्ला येत नाही. मात्र नकाशाचा तेवढा भाग पाण्यात जातो.

६. शेजारी

ग्रहावर आजूबाजूच्या वस्त्या दिसतात. मैत्री होऊ शकेल अशी एखादी वस्ती दोन-तीन दिवसांच्या वाटेवर असावी, आणि मध्ये रस्ता असला तर उत्तम. लुटारूंचा तळ शेजारी आहे म्हणून घाबरायचं कारण नाही. तळ लांब असला तरी ते येतातच.

७. उतरल्यावर, वेळ थांबवूनच

गेम थांबलेला असतानाच नकाशा फिरून बघा. टाइल चांगली असली तरी नकाशा वाईट निघू शकतो.

खाली उजवीकडच्या बटणांत सुपीकतेचा थर दाखवणारं बटण आहे. साधी माती १०० टक्के, खडकाळ ७०, आणि ‘रिच सॉइल’ १४०. रिच सॉइलचा बऱ्यापैकी तुकडा सापडला तर घर त्याच्या शेजारी हलवा, त्याच्यावर नको. सापळा हाच: सपाट, मोकळी, छान जागा म्हणून लोक सर्वोत्तम मातीवरच खोल्या बांधतात. त्या तुकड्यात भात लावा, कारण सुपीकतेचा पुरा फायदा त्याला मिळतो. खडकाळ पट्ट्यात बटाटा.

मग वाफेचे झरे मोजा. त्यांवर पुढे जिओथर्मल जनरेटर बसतो, ३,६०० वॉट, इंधनाशिवाय. एखादा घराजवळ असेल तर त्याभोवती जागा सोडून ठेवा. डोंगरात चमकणारे पोलादाचे पट्टे दिसतात का, प्राचीन बंदिस्त खोली कुठे आहे, तेही बघा. ती खोली पहिल्या वर्षात फोडू नका.

नकाशा पटला नाही? लगेच मुख्य मेनूत जा आणि शेजारची टाइल घ्या. दहा दिवस खेळून झाल्यावर सोडवत नाही, आणि मग वाईट नकाशाशी महिनाभर झगडत बसावं लागतं.

८. पहिलं वर्ष कॅलेंडरवर मांडा

टाइलवरचे आकडे आता कामाला येतात. समजा ३०/६० ची बोरिअल टाइल घेतली आहे आणि लागवडीचे दिवस सुरू होतानाच उतरलात.

पहिला दिवस: भात ६० चौकोन, मका जितका पेरून होईल तितका. झोपायला एकच मोठी लाकडी खोली, सगळे एकत्र. कुरकुरतील, जगतील.

पाचव्या-सहाव्या दिवसापर्यंत स्वयंपाकाची शेगडी, कोठार, दगड फोडायचं टेबल. पहिला भात कापला की त्याच जागी पुन्हा भात. आठव्या दिवसाच्या आसपास कापसाला थोडे चौकोन द्या, कारण पार्का (थंडीचा जाड कोट) शिवायला कापड किंवा कातडं लागतं, एकेका पार्क्याला ८०. शिकारीचं कातडं तोवर विकू नका.

पंधराव्या दिवशी थांबून मोजा. मका अर्ध्याच्या वर वाढलेला दिसायला हवा. नसेल तर नवीन मका अजिबात पेरू नका, उरलेली सगळी जमीन भाताला द्या.

पंचविसाव्या दिवसानंतर भातही नको. उरलेले दिवस लाकूडतोड, पेंढी, शिकार आणि भिंती दुहेरी करणं यात घाला. बाहेरच्या दारामागे आणखी एक दार ठेवून मधे छोटी खोली सोडा, म्हणजे दर वेळी दार उघडलं की ऊब निसटत नाही. विजेवर चालणारा हीटर १७५ वॉट घेतो, पण सोलर फ्लेअरच्या दिवशी तो बंद पडतो, म्हणून झोपायच्या खोलीत एक शेकोटी तयार असू द्या.

तिसाव्या दिवशी कोठारात १,८०० कच्चा माल किंवा त्याची जेवणं असायला हवीत. मांस धरून चालेल. १,२०० च असेल तर घाबरू नका, पण त्याच दिवशी नवीन माणसांना आसरा देणं थांबवा आणि जास्तीची जनावरं कापा. हा निर्णय हिवाळ्याच्या मध्यावर घेतला तर जनावरं तोवर वाळलेली असतात.

आणि एवढं करूनही जागा मानवत नाही असं वाटलं तर दुसरा वसंत येईपर्यंत थांबा. बर्फात काफिला फार हळू सरकतो. गवत उगवल्यावर दोन-तीन मफलो पाळून घ्या, बियाण्याची चिंता नको कारण गेममध्ये बियाणं लागतच नाही. सोबत पंधरा दिवसांचं अन्न, औषधं, सुटे भाग आणि चांदी घ्या, आणि नवी टाइल निवडताना पायरी दोनपासून पुन्हा सुरुवात करा.